परिशिष्टातले चार दिवस

बेलखेडी गावाला समितीच्या अध्यक्षांनी फसवलं, आणि त्यासाठी माझंच रजिस्टर वापरलं. कारखान्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. कारखाना दिवसाढवळ्या धूर सोडत होता, त्याला लपवायचं काही नव्हतं. गावाचं नाव मी बदललं आहे आणि अध्यक्षांचं नाव लिहीत नाही, कारण संपादकांनी तशी अट घातली. मी ती मानली, पण बदल्यात माझं एकही वाक्य कापायचं नाही असं कबूल करून घेतलं. सौदा केल्याशिवाय मी आयुष्यात काही दिलं नाही. एकदा दिलं ते सौदा करूनच दिलं आणि तिथंच बुडालो. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझा धंदा हवा मोजण्याचा होता. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, "जावई कूलर दुरुस्त करतात." त्यात फार खोटं नव्हतं. दहावी नापास झाल्यावर मी नागपूरच्या सदर भागात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो. एक दिवस एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पत्र्याची एक पेटी दुरुस्तीला आली. आत ब्लोअर जळालेला. मी तो बांधून दिला आणि विचारलं, हे करते काय? प्रयोगशाळेतल्या माणसानं सांगितलं. मी म्हटलं, मजुरी देऊ नका, तुमच्याकडे अशीच दुसरी मोडकी पेटी पडली आहे ना, ती द्या. त्या मोडक्या पेटीवर मी एकतीस वर्षं जगलो. पुढे सहीसाठी रसायनशास्त्र शिकलेला माणूस ठेवला, कारण नियम तसा आहे. मापं मात्र मीच घेतली.

पेटी कमरेएवढी असते. वर दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर आणि छपराखाली फट. आतला ब्लोअर त्या फटीतून हवा ओढतो. जाडी धूळ खाली एका डबीत पडते. बारीक धूळ, म्हणजे जी आपल्या छातीत उतरते ती, वहीच्या पानाएवढ्या पांढऱ्या कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, आठ तासांनी काढायचा, नवा लावायचा. दिवसाचे तीन कागद. काढलेला कागद निळ्या खड्यांच्या बरणीत कोरडा करून परत तोलायचा. वजनात पडलेला फरक म्हणजे धूळ. शाळेतल्या पोराला समजेल असं काम आहे. कठीण आहे ते पुढचं.

धूळ किती, हे काटा सांगतो. धूळ कोणाची, हे काटा सांगत नाही. मातीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ओबडधोबड दिसतो. कोळशाच्या राखेचे कण गोल असतात, काचेच्या मण्यांसारखे. लोखंडाची धूळ लोहचुंबकाला चिकटते. काडीकचऱ्याची काजळी बोटाला तेलकट लागते. धूळ आपल्या बापाचं नाव सांगते, फक्त विचारणाऱ्यानं आधीच ठरवून जाऊ नये.

सदरमधल्या एका कापड दुकानदारानं ठरवून ठेवलं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यांवर काजळी बसायची. शेजारी तंदूरचं हॉटेल.

"बोरकुटेजी, ये सब उस तंदूरवाले का किया-धरा है. आप बस लिख के दे दो."

"पहले मापूंगा, फिर लिखूंगा."

मी काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलीन फासलं आणि दुकानाच्या चारी बाजूंना आठ दिवस टांगल्या. तंदूरकडची पट्टी जवळपास स्वच्छ. काळी झाली ती जिन्यातली. दुकानदाराच्याच जनरेटरचा पाइप त्याच्याच जिन्यात सोडलेला होता. मी त्याला पट्टी दाखवली.

"आपको बुलाया किसने था?"

"आपने."

"तो फिर उसको मत बताना."

मी त्याच संध्याकाळी तंदूरवाल्याला सांगितलं. त्या हॉटेलात मला आजही कांदा वेगळा मागावा लागत नाही.

हे सांगताना बरं वाटतं. आता जे सांगायला बरं वाटत नाही ते.

बुटीबोरीतल्या एका कापड कारखान्यात बॉयलरजवळची हवा मोजायची होती. मॅनेजर गोड बोलणारा होता. म्हणाला, "बोरकुटेसाहेब, उन्हात कशाला? मशीन तिकडे कडुनिंबाखाली ठेवा. सावली आहे." मी अर्धा तास ओरडलो. झाडाची पानं धूळ धरतात, त्यात ती जागा बॉयलरच्या पश्चिमेला होती आणि वारा पश्चिमेकडूनच येत होता. म्हणजे बॉयलरचा धूर त्या झाडाकडे फिरकणारच नव्हता. माझं ओरडणं त्यानं शांतपणे ऐकलं आणि शेवटी आमचा सौदा झाला: मशीन कडुनिंबाखाली, पण दोनऐवजी तीन दिवस. मी जिंकलो असं समजून खुश झालो. तीन दिवस कडुनिंबाची हवा मोजली. रजिस्टरात प्रामाणिकपणे लिहिलं, मशीनची जागा: कडुनिंबाखाली, बॉयलरच्या पश्चिमेला. तो रकाना कोणी वाचत नाही हे मला माहीत होतं. मी आकडा कधीही बदलला नाही. जागा बदलली, आणि एकदाच नाही.

त्या दिवशी तिथं एक प्राध्यापक आले होते. अशी कामं ते मला मिळवून देत. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बोरकुटे, जागेनं खरंच एवढा फरक पडतो?"

मी म्हटलं, "सर, आकडा बदलायला हिंमत लागते. जागा बदलायला नुसती सावली लागते."

ते हसले आणि त्यांनी खिशातली डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं. दहावी नापास माणसाचं वाक्य प्राध्यापकाच्या डायरीत गेलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "यात चांगलं काय आहे?" मी तिच्यावर चिडलो.

हेच प्राध्यापक पुढे बेलखेडीच्या समितीचे अध्यक्ष झाले.

बेलखेडी नागपूरहून तासाभरावर आहे. गावाला लागून स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा कारखाना, त्याची एक भट्टी. भट्टीला धूळ पकडणारी यंत्रणा बसवलेली होती, पण ती वीज खाते म्हणून बहुतेक वेळा बंद. दोरीवर वाळत घातलेली धोतरं संध्याकाळपर्यंत करडी होत. अंगणवाडीत खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवूनच वाढायचं, असा तिथं नियमच झाला होता. त्यात कारखान्याला दुसरी भट्टी हवी होती. गावानं तक्रार केली आणि वरून तिघांची समिती नेमली गेली. प्रश्न सरळ होता. गावातली हवा ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाली तर दुसरी भट्टी नाही. आत निघाली तर भट्टीला परवानगी.

अध्यक्षांनी मला स्वतः फोन केला. "तुमच्याशिवाय कोणावर विश्वास नाही, बोरकुटे." मी अट घातली, मशीन कारखान्याच्या आवारात नाही, गावात ठेवणार, जागा मी निवडणार आणि चार दिवसांपेक्षा कमी मोजणार नाही. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लवकर मिळालेला होकार मी एरवी दोनदा तपासला असता. पण खरं सांगायचं तर मला ते काम हवंच होतं. कडुनिंबाचं ओझं कुठंतरी उतरवायचं होतं.

गावात वीज अशी, की दुपारी ब्लोअर रडत फिरेल. पूर्ण दाबानं वीज मिळेल अशी एकच गच्ची होती, इंदूबाईंच्या पिठाच्या गिरणीवरची. इंदूबाई पन्नाशीच्या. नवरा गेल्यापासून गिरणी एकट्या चालवत. सरपंच नामदेवराव त्यांचे चुलत दीर, तेच मला घेऊन गेले. पिठाच्या गिरणीवर धूळ मोजणं म्हणजे पोहताना घाम मोजणं. म्हणून मी म्हटलं, चार दिवस गिरणी बंद ठेवावी लागेल.

"चार दिवस?" इंदूबाई म्हणाल्या. "मंग गाव खाईन काय, तुमची हवा?"

"दोन दिवस आधी सगळ्यांना दळून द्या."

नामदेवराव म्हणाले, "वयनी, गावासाठी हाये वं."

"गावासाठीच त दळून राहिली मी इतके वर्सं. कोनासाठी दळतो मंग, सासऱ्यासाठी?"

पण तयार झाल्या. गच्चीवर मशीन चढवलं, वायर ओढली. भिंतींवर, पायऱ्यांवर पिठाचा थर होता. मी खाली गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर त्यांना दरडावून सांगितलं, "इंदूबाई, मशीनजवळ पिठाचा एक कण दिसला तर मी मशीन उचलून घेऊन जाईन. मग बसा धूर खात." मोटरच्या दुकानात दहा मोटरी चालू असताना बोलायची सवय लागलेला माणूस मी. माझं साधं बोलणंही लोकांना दम वाटतं, आणि हा तर दमच होता.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मशीन सुरू केलं. दुपारी दोनला कागद बदलायला गेलो तर गच्ची धुतलेली, भिंती पुसलेल्या, पिठाचा मागमूस नाही. मी म्हटलं, शाबास. कागद काढला आणि माझा चेहरा उतरला. कागद जवळपास कोराच होता. वारा कारखान्याकडून येत होता, माझा रुमाल काळा झाला होता, आणि कागद पांढरा. रात्री दहाचा कागदही तसाच. दुसऱ्या दिवशी मी ब्लोअर खोलला, कार्बन ब्रश बदलले, रबराची गळती तपासली. सगळं ठीक. नामदेवराव जिन्यात उभे राहून विचारत, "काय निघालं जी?" आणि मी त्यांना सांगू शकत नव्हतो की तुमच्या गावाची हवा माझ्या घराच्या हवेपेक्षा चांगली निघते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेशीजवळ माझी मोटरसायकल पंक्चर झाली. मी ती तिथंच लावली आणि चालत गिरणीवर गेलो. जिना चढलो. माझ्या मशीनला लुगडं नेसवलं होतं.

हिरवं, जुनं नऊवारी. छपरावरून चारी बाजूंना गच्चीपर्यंत सोडलेलं, कडा वजनाच्या मापांनी दाबलेल्या, आणि ओलंचिंब. इंदूबाई लोट्यानं त्यावर पाणी शिंपडत होत्या. मला बघून त्या दचकल्या.

"हे काय आहे?"

"लुगडं."

"ते दिसते मले. काहून टाकलं?"

"तुमीच त म्हनलं, पीठ लागलं त मशीन नेतो म्हून. भिताडातून पीठ उडतच रायते साहेब, कितीबी झाडा. चक्कीवर आमी असंच ओलं फडकं टाकतो. पीठ बसत नाही."

"मग मी येतो तेव्हा कुठे असतं?"

"तुमच्या गाडीचा आवाज आला का काढून ठेवत होती. तुमाले मशीन पाहाची रायते ना."

नागपुरात राहणाऱ्याला यापुढचं समजावून सांगायला नको. कूलरची वाळ्याची ओली ताटी उन्हाळाभर जे काम करते तेच त्या लुगड्यानं केलं. हवा आत जात होती, म्हणून माझा ब्लोअर नीट चालत होता. धूळ बाहेर कापडात अडकत होती. दोन दिवस मी गावाची हवा गाळून मोजत होतो.

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर संपादकांनी ते कापलेलं मलाही चालेल. गल्ली गोळा झाली. इंदूबाईंनी लुगडं काढलं, घडी घातली, छातीशी धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "मंग अगुदर काहून नाही सांगतलं?"

सांगितलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं. मी दम दिला तो पिठाचा. त्या माउलीनं माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.

मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं: पहिले दोन दिवस रद्द. गिरणीच्या मालकिणीनं पिठापासून बचावासाठी मशीनवर ओलं लुगडं टाकलं होतं, तिला मनाईची सूचना दिलेली नव्हती. खाली माझी सही, नामदेवरावांची सही. मग नव्यानं चार दिवस मोजले. गिरणी चाराऐवजी सहा दिवस बंद राहिली. ते चारही दिवस इंदूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होत्या. गच्चीवर मांजरही जाऊ दिली नाही.

चार दिवसांचे बारा कागद काळे निघाले. मर्यादेच्या दुपटीच्याही पुढे. शेवटच्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर दोन माणसं घेऊन आला आणि गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाला, "पिठाच्या गिरणीवर मशीन ठेवता आणि धूळ आमची म्हणता?" मी डबीतली धूळ एका कागदावर ओतली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. धूळ उभी राहिली आणि चुंबकामागे चालायला लागली. मी म्हटलं, "साहेब, हे पीठ असेल तर घरी न्या आणि पोळ्या करून खा." गाव हसलं. इंदूबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. एकतीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला दिवस तो.

कागद आणि रजिस्टर घेऊन मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी लुगड्याची नोंद सावकाश वाचली. दोनदा वाचली.

"रद्द केलेले सहा कागद कुठे आहेत?"

"माझ्याकडे आहेत. त्यांचा उपयोग नाही, सर."

"तेही द्या. नोंद पूर्ण असली पाहिजे."

मला वास आला. नाक हाच माझा धंदा. मी म्हटलं, "देतो, पण माझे चार दिवस अहवालात आलेच पाहिजेत. तसं लिहून द्या." ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हसत कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की बोरकुटे यांनी घेतलेली चारही दिवसांची मापे अहवालात समाविष्ट केली जातील. सही, तारीख. मी सहा पांढरे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन पान खाल्लं. जिंकल्यावर मी पान खातो.

अहवाल दोन महिन्यांनी आला. नामदेवरावांनी त्याची झेरॉक्स मला आणून दिली आणि समोर बसून राहिले. पहिल्या पानावर निष्कर्ष होता: बेलखेडीतील हवा विहित मर्यादेत आहे. सरासरी काढली होती ती लुगड्याच्या दोन दिवसांची. माझे चार दिवस कुठे गेले म्हणून मी पानं उलटत गेलो. ते होते. अगदी शेवटी, परिशिष्ट तीनमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत. खाली टीप: "निरीक्षकाने जागेवर हस्तक्षेप करून परिस्थिती बदलल्यानंतर घेतलेली मापे. सरासरीत धरलेली नाहीत." म्हणजे लुगडं होतं ती गावाची नैसर्गिक परिस्थिती, आणि लुगडं काढायला लावलं तो माझा हस्तक्षेप. रजिस्टरातलं "रद्द" आणि त्याचं कारण अख्ख्या अहवालात कुठेही नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला.

"बोरकुटे, तुमचे चारही दिवस अहवालात आहेत," अध्यक्ष म्हणाले. "मी शब्द पाळला."

"सर, कुठल्या जागी टाकले ते बघा ना."

"जागेचं तर तुम्हीच मला शिकवलं."

त्यांनी फोन ठेवला. नामदेवरावांनी विचारलं, "काय म्हनते?" मी त्यांना काय सांगणार होतो? कडुनिंबापासून सुरुवात करावी लागली असती.

दुसऱ्या भट्टीचं काम सुरू झालं. गावाला कोणावर तरी राग काढायचा होता. अध्यक्ष नागपुरात, मीही नागपुरात. गावात होत्या इंदूबाई. कारखान्याच्या माणसांनी चहाच्या टपरीवर बसून सांगायला सुरुवात केली की तुमच्याच बाईनं मशीन झाकलं, आता आम्हाला का बोलता? मग कोणीतरी पुढचं जोडलं, की बाईनं पैसे घेतले. रजिस्टरात नामदेवरावांची सही होती, पण ते पडले तिचे दीर, त्यांचं कोण मानणार? बायका दोन किलोमीटर चालत पुढच्या गावी दळण न्यायला लागल्या. डोक्यावर डबा घेऊन गिरणीच्या दारावरून जात, आत न बघता.

एका दुपारी इंदूबाई एसटीनं आल्या आणि सदरमधल्या माझ्या प्रयोगशाळेचा जिना चढून वर आल्या. हातात पिशवी. पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. पिशवीतून हिरवं लुगडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"सासूचं होतं हे," त्या म्हणाल्या. "माह्या सासूच्या लुगड्यानं गाव बुडवलं म्हनतात."

"इंदूबाई, चूक माझी होती."

"ते मले काहून सांगता, भाऊ? मले त माहीतच हाये. गावाले सांगा."

त्यांनी लुगडं माझ्याकडे सरकवलं. "त्या दिवसापासून धुतलं नाही. हात लावू वाटला नाही. तुमी मोजता ना? मंग हे मोजा. त्या दोन दिवसांची धूळ याच्यातच हाये, कुठी जाईन?"

एकतीस वर्षांच्या धंद्यात हे मला सुचलं नव्हतं. मी ते लुगडं घमेल्यात शुद्ध पाण्यात भिजवलं, पिळलं, पाणी गाळलं, गाळ ओव्हनमध्ये वाळवला. करड्या भुकटीनं एका छोट्या बरणीचा तळ झाकला. थोडं पीठही असेल, नाही म्हणत नाही. पण बरणीला बाहेरून लोहचुंबक लावला की आतली भुकटी काचेला येऊन चिकटे. कागदावर नसलेले दोन दिवस त्या बरणीत होते. मी अध्यक्षांना पत्र लिहिलं, रजिस्टरच्या पानाची प्रत जोडली. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. पोचपावती आली, उत्तर नाही.

मग ग्रामसभेत गेलो. बरणी दाखवली, चुंबक लावून दाखवला, रजिस्टरचं पान वाचलं. सांगितलं की ते दोन दिवस मी त्याच सकाळी रद्द केले होते, अध्यक्षांना ते माहीत होतं, आणि माहीत असून त्यांनी तेच उचलले. इंदूबाईंनी एक रुपया घेतला नाही. लोक ऐकत होते. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात मागून एक माणूस उभा राहिला.

"बोरकुटेभाऊ, एक विचारू का? बुटीबोरीत कडुनिंबाखाली मशीन ठेवलं होतं ते तुमीच ना? मी होतो तिथं कामाले."

"मीच," मी म्हटलं.

"मंग आज कोनाच्या झाडाखाली उभे हा गा?"

सभा हसली. लोहचुंबकाच्या दिवशी हसली होती तशीच. मी बरणी पिशवीत घातली. इंदूबाई शेवटच्या ओळीत बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. तुमचं आता कोनी ऐकाचं नाही." रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी दुकान बंद केलं. वय झालं असं लोकांना सांगतो. मशीन अजून वरच्या खोलीत आहे, बरणी माझ्या टेबलावर.

माझ्या चुकीचं उत्तर मी या पानांवर दिलं आहे. कडुनिंब माझा, दमदाटी माझी, आणि जागेचा धडा शिकवणाराही मीच. पण अध्यक्षसाहेब, लुगड्याची नोंद तुम्ही माझ्यासमोर दोनदा वाचली. ते दोन दिवस रद्द आहेत हे कळल्यावर तुम्ही तेच पहिल्या पानावर ठेवले आणि खरे चार दिवस परिशिष्टात पुरले. हे का केलं, आणि कोणासाठी केलं, याचं उत्तर मला देऊ नका. मी पत्रांतून ते मागून थकलो, आणि माझं आता कोणी ऐकतही नाही. तुमचं ऐकतील. गाव तुम्हाला अजून सर म्हणतं.

तर बेलखेडीला या. येताना पाच किलो ज्वारी घेऊन या, डबा स्वतःच्या डोक्यावर घ्या आणि भर गल्लीतून चालत इंदूबाईंच्या गिरणीवर जा. ज्वारी दळायला टाका. पाच किलो दळायला थोडा वेळ लागतो, आणि गिरणी सुरू झाल्याचा आवाज ऐकून गाव आपोआप गोळा होईल, कारण बरेच दिवस तो कोणी ऐकलेला नाही. पीठ पडेपर्यंत सगळ्यांसमोर उत्तर द्या. मोठ्यानं द्या. चक्की चालू असते.